टाकीत उतरणारी पोरं, प्लॅटफॉर्मवरची फिट आणि एक भाषण

या महिन्यात पत्रं कमी आली, पण सगळ्यांचा रोख एकच. काहीतरी दिसलं, पोटात कालवलं आणि पुढे काय करायचं ते कळेना. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. ज्या पेशंटबरोबर कुणीच आलेलं नाही त्याचं घर शोधायचं, पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर बसलेल्यांना कोणता कागद कुठल्या खिडकीत मिळतो ते सांगायचं, असं ते काम. त्यामुळे माझी उत्तरं कागदांकडे झुकतात. चालवून घ्या.

*

ताई, घोडबंदर रोडला आमची १६८ फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी तिचा खजिनदार. आमच्या एसटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची, टाकी दरवर्षी साफ होते. कॉन्ट्रॅक्टर दोन पोरं आणतो. ती चड्डीवर उतरतात, कमरेला दोर, बादलीने गाळ वर. यंदा मी दुसरं कोटेशन मागवलं. त्यात सक्शनची गाडी, ब्लोअर, गॅस मोजायचं यंत्र, आणि आत माणूस नाही. त्याचे ६०,००० रुपये. आत्ताचा कॉन्ट्रॅक्टर १८,००० घेतो. चेअरमन म्हणाले, ‘करारात स्वच्छ लिहिलंय, अपघात झाल्यास जबाबदारी त्याची. आपला संबंध नाही.’ एक जण म्हणाला, ‘साहेब, तुम्ही फार हळवे.’ सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. मी कुठवर ताणू?
– खजिनदार, ठाणे

हळवेपणा बाजूला ठेवू. तुम्ही हिशेबातले आहात, हिशेबानेच जाऊ.

आधी करारातलं ते वाक्य पुन्हा वाचा. बागेतल्या माळ्याच्या करारात असं वाक्य आहे? पेस्ट कंट्रोलवाल्याच्या? नसणार. टाकीच्या करारात ते आलं, कारण टाकीत काय होऊ शकतं हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तुमच्या कमिटीला माहीत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. माहीत आहे, आणि ते माहीत असणं तिने १८,००० रुपयांत दुसऱ्याच्या नावावर करून दिलंय.

दगडाच्या काळजाची माणसं मी नोकरीत फार पाहिली नाहीत. तुमचे चेअरमन गणपतीत महाप्रसाद वाढत असतील, वॉचमनच्या मुलीच्या फीला हातभार लावत असतील, हे मी त्यांना न भेटताही सांगते. अशा माणसांना दुःख दिसलं तर ती हलतात. म्हणून ते दिसूच नये अशी सोय केली जाते, आणि त्या सोयीचं बिल दरवर्षी पास होतं. ते पास करणारे तुम्ही, म्हणून पत्र तुमच्याकडून आलंय.

असाच एक मुलगा एकदा आमच्याकडे आणला होता. आणला तेव्हाच गेलेला. बायको विशीतली, बाकावर बसलेली, चप्पल कुठे राहिली तेही तिला आठवत नव्हतं. दुपारपर्यंत तिला भेटायला दोघं आले. एक पोलीस, जबाब घ्यायला. दुसरा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. हातात पाकीट, आणि एका कागदावर अंगठा हवा होता. (तो अंगठा मी होऊ दिला नाही. कागद आधी वाचून दाखवा म्हटल्यावर तो चहा प्यायला गेला तो गेलाच.) मग मला फोन आला सोसायटीच्या सेक्रेटरींचा. आवाज खरंच कापत होता त्यांचा. विचारलं काय, तर ‘मॅडम, पेपरात सोसायटीचं नाव येणार नाही ना?’ गेलेल्या मुलाचं नाव त्यांना सांगता आलं नाही. गेटवरच्या रजिस्टरमध्येही नव्हतं. तिथे नोंद होती, ‘२ लेबर’. पिझ्झा आणणाऱ्याचं नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर, आत-बाहेरची वेळ, सगळं त्याच पानावर होतं.

आता टाकीबद्दल. सभेत हे तुम्हाला सांगावं लागेल. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि आतल्या माणसाला वाटतं, हवा सुटली. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही श्वासांत कोसळतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम वर येतो, म्हणजे काम नीट करणाऱ्यालाच धोका जास्त. त्यात मिथेन, आणि प्राणवायू कमी. काडी पेटवून बघण्याची जुनी रीत आहे. मिथेन असला तर ती काडीच घात करते. कमरेच्या दोराने एवढंच होतं की बॉडी वर काढता येते.

आणि पहिला पडला की दुसरा उडी मारतो. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बहुतेक वेळा पहिल्याला काढायलाच उतरलेला असतो. ‘आपला संबंध नाही’ हे त्यांना सुचत नाही. ती पोरं बहुतांशी कोणत्या जातींतली असतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ते कधी उच्चारलं जात नाही. त्यांच्या जागी तुमच्या-माझ्या आडनावाचा मुलगा उतरणार असता, तर ६०,००० चं कोटेशन चर्चेला आलंच नसतं. चहा यायच्या आत मंजूर झालं असतं.

हे लांबचं वाटू नये म्हणून सांगा, मे २०१९ मध्ये ठाण्यातच, ढोकाळीला, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत तीन कामगार गुदमरून गेले. तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. त्याच वर्षी डिसेंबरात गोवंडीच्या एका सोसायटीत सेप्टिक टाकी साफ करताना आणखी तिघे गेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. सरकारचं म्हणणं, ही माणसं खाजगी कामावर होती. तुमच्या चेअरमनसाहेबांचंच वाक्य, फक्त वरच्या मजल्यावरून आलेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना दिला आणि ही रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करायची वाट मोकळी ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलेली १० लाखांची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली आहे.

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. त्याचं कलम ७ म्हणतं, गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कुणीही ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे’ माणूस कामाला लावायचा नाही. ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दाखाली सभेत पेन्सिलीने रेघ मारून दाखवा, कारण तुमचा करार नेमका तिथे बसतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. एखादे वकील सभासद उठून म्हणतील, एसटीपी म्हणजे सेप्टिक टाकी नव्हे. वायूला तो फरक कळत नाही, एवढंच त्यांना सांगा.

राहिला पैसा. दोन कोटेशनांतला फरक ४२,०००. भागिले १६८. वर्षाला फ्लॅटमागे २५० रुपये. हा आकडा विषयपत्रिकेत छापून आणा. तोंडी सांगितलात तर ‘तिप्पट दर’ एवढंच लोकांच्या लक्षात राहील.

कुठवर ताणू, असं विचारलंत. तुमच्या सहीशिवाय चेक जात नसेल तर सही करू नका, आणि का करत नाही ते लेखी द्या. मतदानात हरलात तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. सेक्रेटरी ‘पुढच्या वेळी लिहू’ म्हणतील, तेव्हा तिथेच बसून राहा. आणि तरीही ती पोरं बोलावली गेली, तर ती उतरायच्या आधी १४४२० वर फोन करा. गटार आणि सेप्टिक टाकीच्या तक्रारींसाठीच तो नंबर आहे. स्वतःच्या सोसायटीविरुद्ध? हो. लिफ्टमध्ये चार महिने कुणी बोलणार नाही. चार महिने जिन्याने जा, तब्येतीला बरं.

*

मी घणसोलीहून ठाण्याला कामाला येते. परवा संध्याकाळी दहा नंबर प्लॅटफॉर्मवर एका माणसाला फिट आली. पन्नासेक लोक गोळा झाले, निम्मे मोबाइल काढून शूट करत होते. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा. मला पुढे व्हायचं होतं, पण पोलिसांचं लफडं मागे लागेल या भीतीने पाय उचलेना. शेवटी एक हमाल पुढे झाले. आपण सगळे मेलेल्या मनाचे झालो आहोत का?
– नोकरदार वाचक, नवी मुंबई

नाही. आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

१९६८ मध्ये अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी जवळपास तुमच्याच प्रसंगावर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, बोलणं इंटरकॉमवर. मध्येच एका आवाजाला फिट येते. ते रेकॉर्डिंग असतं, पण ऐकणाऱ्याला माहीत नसतं. हे ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. आता यातलं महत्त्वाचं ऐका. जे उठले नाहीत ते थंड नव्हते. प्रयोग करणारे आत गेले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, आणि ‘तो बरा आहे ना?’ असं तेच विचारत होते. तुमच्या त्या पन्नासांत असे कितीतरी असतील. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो की फार काही नसावं.

म्हणून गर्दीला कधी हाक मारू नका. ‘कुणीतरी या’ म्हटलं की कुणीच येत नाही. एकाकडे बोट दाखवा. ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही स्टेशन मास्तरांना सांगा, स्ट्रेचर मागवा.’ ‘ताई, तुम्ही १०८ लावा.’ ज्याला नेमकं काम मिळतं तो मोबाइल खाली ठेवतो, हे मी कॅज्युअल्टीच्या दारात पुष्कळदा बघितलंय.

फिटमध्ये करायचं थोडंच असतं. आजूबाजूचं टोकदार काही बाजूला सरकवा, डोक्याखाली ओढणी किंवा बॅग, झटके ओसरले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, रुमाल, पाणी, काही म्हणजे काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. चप्पल आणि कांदा घरी ठेवा. घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना लागणारच.

पोलिसांचं म्हणाल तर फिट हे पोलिसांचं प्रकरणच नाही. रस्त्यावरचा अपघात असला तरी आता भीती नको. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. तुम्ही जखमीला रुग्णालयात सोडून घरी जेवायला जाऊ शकता.

त्या हमालांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. पुढच्या वेळी दिसले तर त्यांना विचारा, त्यांनी काय केलं ते. स्टेशनवर रोज असणाऱ्या माणसाला यातलं पुष्कळ कळतं.

*

ताई, मी नववीत आहे, नौपाड्यात राहते. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय ‘दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणारा समाज’. मी सुरुवात न्यूयॉर्कच्या किटी जेनोवीजच्या खुनाने करणार आहे, ३८ लोक खिडकीतून बघत होते आणि कुणीही काही केलं नाही. शेवटाला टाळ्या मिळतील असं एखादं सुवचन सांगाल का?

बाळा, सुरुवात बदल.

किटीवर हल्ला झाला १३ मार्च १९६४ च्या पहाटे, हे खरं. ३८ साक्षीदारांची गोष्ट एका मोठ्या वर्तमानपत्राने छापली आणि ती जगभर गेली, पाठ्यपुस्तकांतसुद्धा. पण इतकी माणसं खिडकीत उभी राहून बघत नव्हती. बहुतेकांना नुसता आवाज आला होता, तोही अर्धवट झोपेत. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं. तो नंतर परत आला. आणि एक शेजारीण खाली धावली, किटीला मांडीवर घेऊन बसली. मारेकरी अजून आसपास आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. २०१६ मध्ये त्या वर्तमानपत्राने स्वतःच आपल्या जुन्या बातमीतल्या चुका मान्य केल्या. शिवाय २०१९ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं, तर दर दहांतल्या नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलेलं दिसलं. समाज मेला, असं व्यासपीठावरून ओरडणं सोपं आहे. परीक्षकांनी ते आधी ऐकलेलं असतं, आणि ते खरंही नाही.

तुला खरी गोष्ट हवी तर एका जहाजाची सांग. १३ मे १९३९ ला हॅम्बुर्ग बंदरातून ‘सेंट लुईस’ निघालं, ९३७ प्रवासी घेऊन. जवळजवळ सगळे ज्यू, हिटलरच्या राज्यातून पळणारे. क्यूबाने जेमतेम २८ जणांना उतरू दिलं. जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून गेलं, इतक्या जवळून की मायामीचे दिवे दिसत होते. प्रवाशांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना तार केली. उत्तर आलं नाही. कारण काय? कोटा. १९२४ च्या कायद्याने कोणत्या देशातून वर्षाला किती माणसं घ्यायची ते ठरलेलं होतं, आणि जर्मनीची रांग भरलेली होती. जहाज परत युरोपला गेलं. चार देशांनी ती माणसं वाटून घेतली, मग त्यांतल्या तीन देशांवर हिटलरच चालून आला. २५४ जण मारले गेले.

मायामीत त्या रात्री कुणी खिडकीत बसून मजा बघत नव्हतं. अधिकारी आपापल्या टेबलावर होते, रजिस्टर बरोबर होतं. पाठ अशी फिरवली जाते, हे तुझ्या भाषणात येऊ दे. १२ एप्रिल १९९९ ला एली वीझेल यांनी व्हाइट हाउसमध्ये भाषण केलं. कोवळ्या वयात ऑश्विट्झला नेलेले, छळछावणीतून वाचलेले, १९८६ चे शांततेचे नोबेल मानकरी. समोर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन बसलेले, आणि वीझेल यांनी त्या घरात बसून त्याच घरातल्या जुन्या यजमानाच्या काळातल्या या जहाजाचा विषय काढला. ते भाषण इंग्रजीत आहे, बाबांबरोबर बसून वाच.

सुवचन मात्र मी देणार नाही. टाळ्या वाजल्या की लोकांना आपलं काम झालंसं वाटतं. शेवटी त्या जहाजाचा आकडा सांग, ‘धन्यवाद’ म्हण आणि खाली बस. नंबर नाही आला तर मला कळव, मी परीक्षकांना शिव्या घालीन.

*

वाशीत शेजारच्या फ्लॅटमध्ये अकरा-बारा वर्षांची मुलगी कामाला ठेवली आहे. रात्री उशिरापर्यंत बाल्कनीत उभी दिसते. हे म्हणतात, ‘लोकांच्या घरात आपण नाक खुपसू नये.’ शेजारी चांगले आहेत हो, दिवाळीत फराळ पाठवतात.

फराळ खा आणि १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, मालक कितीही चांगले असोत. तुमचं नाव शेजाऱ्यांना सांगितलं जात नाही. मुलगी साधारण किती वाजता दिसते, कोणत्या मजल्यावर, अंगावर काही मार दिसला का, एवढं लिहून घेऊन बसा, फोनवर तेच विचारतात. तिच्याशी परस्पर बोलायला जाऊ नका आणि शेजारणीला ‘समजावून’ तर मुळीच सांगू नका. दुसऱ्या दिवशी मुलगी गावाला पाठवलेली असेल. यांना जेवण झाल्यावर सांगितलंत तरी चालेल. फोन आधी.